सबनीसांची शंभरी

"येतो मी. पण एका अटीवर," डॉक्टर सबनीस फोनवर म्हणाले. "तुमच्या गावात त्या वेळी जे जे बोललो, ते सगळं जाहीरपणे मागे घेण्यासाठी येतो. दुसरं काहीही बोलणार नाही."

वाचनालयाच्या फोनमध्ये कायम कुणीतरी पापड तळत असल्यासारखी चरचर असायची. मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं.

"मागे घ्यायला म्हणजे?"

"म्हणजे मागे घ्यायला, बाई. माणसाने चूक कबूल करायची असते. मंजूर असेल तर तारीख कळवा."

मी वाचनालयाची कार्यवाह. शाळेत गणित शिकवायचं आणि संध्याकाळी वाचनालयाचा कारभार बघायचा, असा माझा दिवस होता. समोर आमचे अध्यक्ष भूपाल आवटी कान टवकारून बसले होते. मी फोनवर हात ठेवून त्यांना अट सांगितली, तर ते खुर्चीतून उठलेच.

"मंजूर म्हणून सांग की! शब्द मागं घेणारा वक्ता कधी बघितलायस का? मांडवात पाय ठेवायला जागा मिळायची न्हाई."

ही दोन हजार सालातली गोष्ट. अडुसष्ट साली आमच्या वसंत व्याख्यानमालेत तरुण डॉक्टर सबनीसांनी 'सन दोन हजारचा माणूस' या विषयावर भाषण ठोकलं होतं. काही महिन्यांपूर्वीच आफ्रिकेत एकाचं हृदय काढून दुसऱ्याच्या छातीत बसवलं होतं, आणि सगळ्या जगासारखे डॉक्टरही त्याच धुंदीत होते. त्यांनी सांगितलं की दोन हजार साल उजाडेपर्यंत माणूस सरासरी शंभर वर्षं जगेल. कॅन्सरला एक इंजेक्शन पुरेल. दात पडणं बंद होईल. देवीचा रोग पृथ्वीवरून नाहीसा होईल. म्हातारपण हे खोकल्या-पडशासारखं औषधाने बरं होईल.

गावाने त्यातलं काय लक्षात ठेवावं? फक्त शंभरी. त्यानंतर आमच्याकडे कुणी साठी-सत्तरीत गेलं, की तिरडी बांधता बांधता एकजण तरी म्हणायचाच, "सबनीसांची शंभरी काय झाली न्हाई बघा." सुतकातसुद्धा लोक गालातल्या गालात हसून घ्यायचे. आता खरोखरच दोन हजार साल उजाडलं होतं आणि आवटींना त्या हसण्याचा जाहीर कार्यक्रम करायचा होता.

घरी आले तेव्हा आई ताटं मांडत होती. आमच्या जैन घरात दिवस मावळायच्या आत जेवण उरकायचं, मग कुणीही पाहुणा येवो. मी अट सांगितली आणि आईचा हात भाकरीवरच थांबला.

"मागं घेणार? काय मागं घेणार?"

"सगळं भाषण."

"आसं कसं? भाषण त्यांचं आसंल, पण एवढी वर्षं वापरलंय मी. नेसून जुनं झालेलं लुगडं दुकानदार परत मागतो व्हय?"

"आई, ते त्यांचं ते बघतील. तू कशाला मनाला लावून घेतेस?"

"मी येणार भाषणाला."

"गुडघे?"

"गुडघे घेऊनच येणार. घरात ठिवून येऊ काय?"

आई अशी. नाव राजमती, आणि थाटही तसाच. लहानपणी देवी येऊन गेलेल्या, तोंडभर वण. त्या वणांवरून तिला कुणी कधी चिडवलं असेल, पण ती चिडल्याचं कुणी सांगत नाही. खाण्यात तर तिच्या एकेक तऱ्हा. लग्नाच्या पंगतीत लाडू वाढायला आला की ती पानावर आडवा हात धरायची. 'मला गोड आवडत न्हाई' हे तिचं वाक्य आख्ख्या भावकीला पाठ होतं.

त्या भाषणाशी तिचं काय नातं होतं, ते सांगायला हवं. त्याच वर्षी, मी आठ वर्षांची असताना, मला साखरेचा आजार असल्याचं निदान झालं. म्हातारपणी होतो तो नव्हे. पोरांना होणारा, ज्यात शरीर स्वतःचं इन्सुलिन बनवायचंच थांबवतं आणि रोज सुई टोचल्याशिवाय माणूस जगत नाही. ते औषध त्या काळी कत्तलखान्यातल्या जनावरांच्या स्वादुपिंडातून काढायचे. मिरजेच्या डॉक्टरांना आईने खोदून खोदून विचारलं म्हणून त्यांनी सांगितलं. न विचारती तर बरं झालं असतं. आमच्या घरात कांदा-बटाटा चौकटीच्या आत येत नव्हता. आणि आता हे.

भावकीतल्या बायका येऊन सांगून गेल्या. "जनावराचं मास टोचून पोर जगवणार? हे पाप कुठं फेडशील?" एकीने तर स्पष्टच सांगितलं, असली पोरं तशीही फार जगत नाहीत, मग धर्म कशाला बुडवायचा. त्याच आठवड्यात वाचनालयात भाषण होतं. बायका मागच्या बाजूला जाजमावर बसायच्या आणि सहसा तोंड उघडायच्या नाहीत. प्रश्न विचारायची वेळ झाली तेव्हा आई माझं मनगट धरून उभी राहिली.

"जनावर न मारता हिचं औषध कधी मिळंल?"

मांडव हसला. देवी नाहीशी होणार म्हटल्यावर हसला होता त्याच्या खालोखाल. मला ते हसू अजून आठवतं, कारण आईने माझं मनगट आणखी घट्ट आवळलं. डॉक्टर मात्र हसले नाहीत. व्यासपीठाच्या कडेपर्यंत पुढे आले.

"बाई, प्रयोगशाळेत ते थोडंफार जमलंय. कारखान्यात व्हायला वीस-पंचवीस वर्षं लागतील. तेवढी वर्षं या मुलीला टिकवा. जनावराला हात न लावलेलं औषध तुमच्या दाराशी येईल. माझा शब्द आहे."

"तवर पोरगी ऱ्हायला पायजे न्हवं!" मागून कुणीतरी म्हणालं.

आईने मागे वळूनही बघितलं नाही. तिच्या लेखी तो शब्द म्हणजे ठरलेली सोयरीक होती. वरपक्ष उशिरा येणार एवढंच. मग तिने माझ्यासाठी जे केलं ते मी शंभरदा सांगितलं तरी माझं समाधान होत नाही. सकाळी एका शेगडीवर चहा आणि दुसरीवर काचनळीत निळं औषध घालून माझी लघवी उकळत असायची. निळी राहिली तर आई गाणं गुणगुणायची. विटकरी झाली, म्हणजे साखर उतरली, तर त्या दिवशी घरात कुणी मोठ्याने बोलायचं नाही. काचेची पिचकारी उकळायची, सुई दगडावर घासून धार लावायची, औषधाची बाटली फडक्यात गुंडाळून माठाच्या पाण्यात सोडायची. चौथी पास बाई. मिरजेचे डॉक्टर तिला 'सिस्टर' म्हणायचे आणि ते थट्टेने नव्हतं.

मी टिकले. शिकले. आणि तिशीला टेकले तेव्हा कारखान्यात बनवलेलं, जनावराशी काडीचा संबंध नसलेलं इन्सुलिन मिरजेत मिळायला लागलं. डॉक्टर सबनीसांनी सांगितलेल्या मुदतीतच. आईने ती पहिली बाटली देवापुढे ठेवली आणि मग मला टोचली.

आता तोच माणूस तो शब्द मागे घ्यायला येत होता.

मे महिन्यात मी त्यांना स्टेशनवरून आणायला गेले. काठी टेकत उतरले. अंग अगदी वाळलेलं, पण आवाज तोच. रिक्षात मी भीत भीत विचारलं, "डॉक्टर, लोक थट्टेवारी नेतील. कशाला हा त्रास करून घेता?"

त्यांनी बाहेरच्या उसाकडे तोंड वळवलं.

"माझी बायको कॅन्सरने गेली," मग म्हणाले. "शेवटी शेवटी मला म्हणायची, 'अहो, तुमचं ते एक इंजेक्शन कुठाय?' हसत म्हणायची. तेव्हापासून मला वाटतं, मी गावोगाव फिरून लोकांना खोटी आशा विकली. निदान जिथे जिथे आठवतं तिथे जाऊन सांगून यावं."

मी कोण, ते त्यांना सांगायचं माझ्या ओठांवर आलं होतं. पण ज्याची बायको वाट बघत गेली त्याला 'मी मात्र जगले बरं का' हे कोणत्या तोंडाने सांगायचं? मी त्यांना आवटींच्या घरी नेऊन चहा दिला.

संध्याकाळी मांडव आवटींनी म्हटल्यासारखाच भरला. आई पुढच्या रांगेत, खुर्चीवर, मांडीवर कापडी पिशवी घेऊन. पुढ्यात जाजमावर माझ्या शाळेतली पोरं. मी प्रास्ताविक केलं आणि व्यासपीठावरच कडेला बसले.

डॉक्टर उभे राहिले आणि सरळ मुद्द्यावर आले.

"मी म्हणालो होतो, दोन हजार साली माणूस शंभर वर्षं जगेल. आपल्या देशात आज साठीच्या थोडं पुढे गेलोय."

हशा.

"दात पडणार नाहीत म्हणालो होतो." त्यांनी तोंडात हात घातला आणि खालची कवळी काढून दाखवली. मांडव डोक्यावर घेतला लोकांनी. आवटी तर डोळे पुसत होते.

"म्हातारपण बरं होईल म्हणालो होतो." काठी वर केली. पुन्हा हशा. "कॅन्सरला एक इंजेक्शन पुरेल म्हणालो होतो." इथे ते स्वतः थांबले, आणि लोक हसतच राहिले, कारण त्यांना काय ठाऊक! मला व्यासपीठावर बसवेना.

"तर मंडळी, तरुण होतो, जिभेला हाड नव्हतं. विज्ञान कुठे कधी पोचेल हे सांगायचा मला अधिकार नव्हता. त्या दिवशीचा माझा प्रत्येक शब्द मी..."

"थांबा!"

आई उभी राहिली होती. एका हाताने खुर्ची धरून, दुसऱ्या हातात पिशवी. तो आवाज मला ओळखीचा होता. अडुसष्ट साली याच आवाजाने माझं मनगट धरलं होतं.

"राजमतीआक्का, प्रश्न शेवटी हं," आवटी माईकवरून म्हणाले.

"प्रश्न न्हाई. डॉक्टर एक भाकीत विसरले, ते सांगायला उठलेय." ती जाजमावरच्या पोरांकडे वळली. "पोरांनो, माझ्या तोंडाकडं नीट बघा. हे काय झालंय सांगा बघू."

पोरं बिचकली. सातवीतला एक धीट होता. "भाजलं काय, आज्जी?"

"मुरमं?" दुसरी म्हणाली.

"बघा," आई मांडवाला म्हणाली. "देवीचे वण म्हणून एका पोराला सांगता येत न्हाई. माझ्या बारक्या भणीला देवीनं नेलं. ह्या गावात घराआड एक तोंड आसं होतं. आता हाय का कुठं? डॉक्टर म्हणाले, देवी जाणार, तवा सगळ्यात जास्त हसलासा तुमी. आणि गेली तवा कुणाच्या ध्यानातपण आलं न्हाई. जे खोटं झालं ते तेवढं तोंडपाठ हाय सगळ्यांना."

हसू बंद झालं. मागे बसलेली म्हातारी माणसं एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागली. डॉक्टर काठीवर दोन्ही हात ठेवून आईकडे रोखून बघत होते.

"आणि दुसरं," आई म्हणाली, "मी तुमाला एक इचारलं होतं. जनावर न मारता..."

"...हिचं औषध कधी मिळेल," डॉक्टरांनी वाक्य पुरं केलं. माईक त्यांच्या हातातून खाली आला होता तरी ऐकू आलं. "तुम्ही? त्या तुम्ही?" मग आवाज एकदम खाली गेला. "बाई... मुलगी?"

त्यांनी तो प्रश्न ज्या भीतीने विचारला, ते मी विसरणार नाही. माणूस वाईट बातमी ऐकायच्या तयारीनेच उभा होता.

"ती व्हय?" आई म्हणाली. "ती काय तुमच्या शेजारी बसलीय. सकाळपासनं तुमाला च्या देतीय."

मी उठले. हात जोडावेत की काय करावं कळेना. डॉक्टर माझ्याकडे वळले आणि नुसते बघत राहिले. चाळीस वर्षांची, चष्मा लावलेली, हातात खडूचे डाग असलेली बाई. गावात माझा आजार आता जुन्या चार माणसांनाच आठवत होता; त्या दिवशी सगळ्यांना कळला, आणि मला जराही वाईट वाटलं नाही. उलट मान अशी ताठ झाली की दुखायला लागली.

"आता बोला," आई म्हणाली. "हे पण मागं घेताय?"

डॉक्टरांनी मान हलवली. "नाही बाई. हे नाही घेत."

मग टाळ्या. आवटीसुद्धा वाजवत होते, आणि आपणच हे घडवून आणल्यासारखे वाजवत होते. आई मात्र टाळ्या ऐकत नव्हती. घाईघाईने पिशवीत हात घालून तिने कागदाची पुडी काढली, दोन पावलं व्यासपीठाकडे टाकली आणि थबकली. मान वर करून आभाळाकडे बघितलं. मांडवाच्या कडेला दिवे लागले होते.

"दिवस बुडाला," ती चरफडली आणि पुडी परत पिशवीत टाकली. "लई लांबवतात ही भाषणं. डॉक्टर, उद्या सकाळी घरी या. आल्याबिगर गाव सोडायचं न्हाई."

डॉक्टरांची पहाटेची गाडी होती. त्यांनी ती सोडली.

सकाळी ऊन स्वयंपाकघरात आलं तेव्हा आई पाटावर बसली होती, अंघोळ करून, इरकली नेसून. समोर वाटीत कालच्या पुडीतला गुळाचा खडा. डॉक्टर दुसऱ्या पाटावर कसेबसे टेकले. मी नुकतंच माझं इन्सुलिन घेतलं होतं. सुईचा तो छोटासा पेन त्यांनी हातात घेऊन उलटसुलट बघितला आणि परत दिला.

"हा गूळ मला तुमच्या हातानं द्या," आई म्हणाली.

"मी? कशाला?"

"नियम सोडायचाय. त्या दिवशी तुमी शब्द दिलासा, आणि दुसऱ्या दिवशी बस्तीत देवापुढं जाऊन मी नियम घेतला. जनावराबिगर औषध येईस्तवर गोडाचा कण जिभेवर ठिवायचा न्हाई. पोरीला गोड न्हाई तर मला कशाला? आणि सोडायचा तर शब्द देणाऱ्याच्याच हातनं."

'मला गोड आवडत न्हाई.' माझ्या सबंध आयुष्यातली लग्नं, बारशी, दिवाळ्या डोळ्यांपुढून गेल्या, आणि प्रत्येक पानावर तो आडवा हात.

"आई, औषध येऊन दहा वर्षं होत आली की गं!"

"मग? हे कुठं आले होते?"

"पत्र टाकायचं होतं बाई," डॉक्टर कसनुसे म्हणाले. "मी धावत आलो असतो."

"पत्र टाकून बोलवायचं म्हंजे वसुली झाली. नियम म्हंजे वसुली न्हवं." "काल शब्दच मागं घेतला असतासा, तर मी कुणाच्या हातनं सोडला असता?"

डॉक्टरांनी खडा उचलला. आईने तळवा पुढे केला आणि त्यांनी तो त्यावर ठेवला. णमोकार मंत्र पुटपुटून तिने त्यातला एक तुकडा मोडून तोंडात टाकला आणि डोळे मिटले. आम्ही दोघं तिच्या जबड्याकडे बघत राहिलो. बऱ्याच वेळाने तिने डोळे उघडले.

"एवढंच व्हय?" ती म्हणाली. "ह्याच्यापायी लोक मरत्यात?"

डॉक्टर हसले. हसता हसता त्यांनी चष्मा काढला आणि धोतराच्या सोग्याने तोंड पुसलं, आणि मग बराच वेळ ते तोंड पुसतच राहिले. "माझ्या बायकोला हे सांगायला हवं होतं," एवढंच म्हणाले. आईने उरलेल्या खड्यातला निम्मा त्यांच्या हातावर ठेवला आणि कणभर माझ्याही.

निघताना आईने त्यांना उंबऱ्यात अडवलं. "आता हिचं पुढचं सांगा. किती जगंल?"

"नाही बाई. भाकितं बंद. कानाला खडा."

"मग मी सांगते. ही माझ्याएवढी म्हातारी होणार. ध्यानात ठिवा."

आई त्या दिवशी चौसष्टची होती.

डॉक्टर नव्वदीपर्यंत पोचले. बातमी आली तेव्हा वाचनालयात कुणीतरी सवयीने म्हणालंच, "सबनीसांची शंभरी काय झाली न्हाई." पण कुणी हसलं नाही. आवटींनी उठून पेपर घडी करून ठेवला.

गेल्या वर्षी मला चौसष्ट पुरी झाली. मी गुळाचा खडा घेऊन आईसमोर बसले. आता तिला ऐकू कमी येतं, गुडघ्यांनी तर कधीच संप पुकारलाय. मी मोठ्याने म्हटलं, "आई, तुझं भाकीत खरं झालं. तुझ्याएवढी झाले बघ."

तिने मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं, पोरीने गणित चुकवल्यासारखं.

"कुठं झालीस? मी आता अठ्ठ्याऐंशीची हाय," ती म्हणाली, आणि गूळ तोंडात टाकला.